टायमिंग बेल्ट बदलताना खुणा जुळवणे : अर्ध्या दात्याचा फरक दिसला तर काय करावे?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2008 सालची पेट्रोल सॅन्ट्रो झिंग आहे. आधीच्या मालकांनी गाडी विकण्यापूर्वी एका गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (पिस्टनांमुळे फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या फेऱ्या जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा, बदलून घेतला होता आणि त्याची पावती कागदपत्रांसोबत मला मिळाली आहे. मात्र गाडी ताब्यात आल्यापासून खालच्या गिअरमध्ये तिला ओढ नाही. उड्डाणपुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तरी ती सावकाश वेग घेते, इंजिनाचे फेरे वाढल्यावर मात्र बरी पळते. उभी असताना इंजिन किंचित थरथरते. प्लग नवे आहेत, एअर फिल्टर नवा आहे, थ्रॉटल बॉडी साफ करून झाली आहे, तरीही फरक पडलेला नाही.

काल सोसायटीच्या आवारात टायमिंगचे वरचे कव्हर उघडले. बॉनेटमधून वाकून पाहत क्रँकच्या बाहेरच्या पुलीवरची खाच खालच्या कव्हरवरील ‘टी’च्या (पिस्टन टॉपला, म्हणजे सर्वांत वर, असल्याच्या) रेघेवर आणली, तेव्हा वरच्या कॅम पुलीची खूण सिलिंडर हेडवरच्या खुणेपासून साधारण अर्धा दाता मागे दिसली. एका मेकॅनिकचे म्हणणे असे की, बेल्ट चालून चालून ताणला गेला की एवढा फरक पडतोच, त्याची काळजी करू नये. दुसऱ्याचे म्हणणे असे की, बेल्ट उतरवून कॅम एक दाता पुढे घ्यावा. दोघेही अनुभवी आहेत, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे मला ठरवता येत नाही. नवा बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चाकी) घेऊन ठेवले आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

यंत्रशिक्षक

मुलुंडकर, आपण प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मी अनेक वर्षे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला आणि खुणा जुळवण्याच्या या एका कामात मुलांचा जेवढा गोंधळ होतो तेवढा दुसऱ्या कशात क्वचितच होत असेल.

पहिली गोष्ट म्हणजे, आपण ज्या खुणेवर विसंबलात ती अंतिम खूण नव्हे. बाहेरच्या पुलीवरची खाच आणि कव्हरवरची पट्टी ही मुख्यतः इग्निशनचे टायमिंग पाहण्याच्या सोयीसाठी असते. कव्हर प्लास्टिकचे असते आणि ते चारदोन बोल्टांवर बसते. शिवाय खाच आणि पट्टी यांच्यात अंतर असल्यामुळे तिरके पाहिले की वाचन चुकते. भिंतीवरचे घड्याळ बाजूने पाहिले की मिनिटकाटा पुढे-मागे दिसतो, तसाच हा प्रकार आहे. खरी खूण त्या पुलीच्या मागे, म्हणजे ज्या दातेरी पुलीवर बेल्ट बसतो तिच्यावर असते आणि ती ऑइल पंपाच्या घरावर ओतीव असलेल्या खुणेशी जुळवायची असते. बाहेरची पुली आणि खालचे कव्हर काढल्याशिवाय ती दिसत नाही, आणि ती पाहिल्याशिवाय कॅम मागे आहे की पुढे याचा निर्णय करणे योग्य नाही.

दुसरी गोष्ट अर्ध्या दात्याची. बेल्टचा दाता पुलीच्या खाचेत बसतो किंवा बसत नाही. अर्धा दाता चुकवून बेल्ट चढवताच येत नाही. त्यामुळे अर्ध्या दात्याचा फरक दिसला की समजावे, एक तर आपण खूण तिरकी पाहत आहोत, किंवा बेल्टला ताण बसलेला नाही, किंवा क्रँकची चावी (पुली दांड्यावर घट्ट धरणारा लोखंडी तुकडा) अथवा तिची खाच झिजली आहे, किंवा बाहेरच्या पुलीच्या दोन कड्यांमध्ये रबर असेल तर बाहेरची कडी आतल्या कडीवर सरकली आहे. दुसऱ्या मेकॅनिकच्या सांगण्याप्रमाणे एक दाता पुढे घेतला आणि मग कॅम अर्धा दाता पुढे दिसू लागला, तर हाती काहीच लागत नाही. उलट, दोन्हीकडे सारखाच फरक दिसणे हा वाचनात चूक असल्याचा पुरावा समजावा.

तिसरी गोष्ट, एका दात्याची किंमत किती? समजा कॅम पुलीला 40 दाते आहेत आणि क्रँक पुलीला 20. (कॅमला नेहमी दुप्पट, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होते.) मग एक दाता म्हणजे कॅमचे 9 अंश आणि क्रँकच्या हिशेबाने 18 अंश. कॅम एवढा मागे राहिला तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पिस्टन वर येताना आत घेतलेल्या हवेचा काही भाग पुन्हा बाहेर ढकलला जातो आणि कमी फेऱ्यांवर ओढ जाते. फेरे वाढले की आत येणाऱ्या हवेच्या वेगामुळे तीच उशिराची वेळ फारशी जाचत नाही. आपण सांगितलेली लक्षणे या चित्राशी जुळतात, एवढे आत्ता म्हणता येईल. त्यापुढचे खालची खूण पाहिल्यावर बोलू.

पाना_रॅचेट

कुर्ल्यात माझे स्वतःचे छोटे गॅरेज आहे, त्यामुळे या विषयावर रोजच्या कामातून बोलतो. सरांचे म्हणणे मान्य आहे, पण एक शंका विचारतो. ज्या इंजिनाचे हेड पूर्वी कधी तापून वाकले आणि प्लेन मारून (यंत्रावर घासून सपाट करून) घेतले असेल, त्यात हेड खाली येते आणि कॅम थोडा मागे पडतो. मुलुंडकरांच्या गाडीत तसे झालेले नसेल कशावरून?

दुसरे असे की, आम्ही जुना बेल्ट उतरवण्याआधी त्याच्यावर आणि दोन्ही पुल्यांवर पांढऱ्या रंगाने रेघा मारतो, त्या रेघा दाते मोजून नव्या बेल्टवर उतरवतो आणि तसाच बेल्ट चढवतो. ही पद्धत वेळ वाचवते आणि आजवर तिने दगा दिलेला नाही.

यंत्रशिक्षक

हेडची शंका रास्त आहे, पण आकडे मांडून पाहू. मोटारींच्या टायमिंग बेल्टमध्ये दोन दात्यांतले अंतर बहुधा 8 मिलिमीटर किंवा 9.525 मिलिमीटर असते. आपण 8 धरू. हेडचे 0.3 मिलिमीटर प्लेन मारले, तर ओढणाऱ्या बाजूचा, म्हणजे क्रँक कॅमला ज्या बाजूने ओढतो त्या बाजूचा, बेल्ट साधारण तेवढाच जास्तीचा होतो आणि कॅम तेवढाच मागे सरकतो. 40 दात्यांच्या पुलीचा घेर 320 मिलिमीटर. त्यात 0.3 मिलिमीटर म्हणजे अंशाचा सुमारे तिसरा हिस्सा, आणि क्रँकच्या हिशेबाने पाऊण अंशाच्या आत. डोळ्यांना हा फरक खुणेच्या रेघेच्या जाडीएवढासुद्धा दिसणार नाही. अर्ध्या दात्याचे खापर प्लेनवर फोडता येत नाही. बेल्ट ताणला जाण्याचेही तसेच आहे : त्याच्या आत काचेच्या तंतूंचे दोर असतात आणि ते रबरासारखे लांबत नाहीत.

रंगाच्या रेघांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ही पद्धत जुन्या बेल्टची नक्कल करते. जुना बेल्ट बरोबर असेल तर नवाही बरोबर बसेल आणि जुना चुकीचा असेल तर ती चूक जशीच्या तशी नव्या बेल्टवर जाईल. मुलुंडकरांच्या गाडीत जुन्या बेल्टवरच संशय आहे, तेव्हा इथे रेघांचा उपयोग साक्षीदार म्हणून करावा, न्यायाधीश म्हणून करू नये.

अनुया

मी स्वतः गाडीची छोटी-मोठी कामे करते आणि हा धागा फार उपयोगी वाटतो आहे. माझ्या दोन शंका आहेत. एक नंबरचा सिलिंडर टॉपला आणताना तो कॉम्प्रेशनचा टॉप आहे की एक्झॉस्टचा, हे प्लगच्या भोकावर बोट ठेवून पाहावे असे सगळीकडे सांगतात. ते खरेच आवश्यक आहे का? आणि नव्या बेल्टवर कंपनीने छापलेल्या रंगीत रेघा पुल्यांच्या खुणांशी जुळवून बेल्ट चढवला, पण दोन फेऱ्या फिरवल्यावर त्या रेघा भलतीकडे गेल्या, तर बेल्ट चुकला असे समजायचे का?

यंत्रशिक्षक

अनुयाताई, आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर असे की, क्रँकला कॉम्प्रेशन आणि एक्झॉस्ट हा भेद नसतो. दोन्ही वेळा पिस्टन त्याच जागी, टॉपलाच असतो. भेद कॅममुळे पडतो, आणि कॅम पुलीची खूण क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच हेडच्या खुणेसमोर येते. म्हणून कॅमची खूण तिच्या जागी आणि क्रँकची खूण तिच्या जागी असेल, तर टप्पा आपोआप ठरलेला असतो. बोट ठेवून पाहण्याची गरज तेव्हा पडते, जेव्हा कॅम पुली शाफ्टवरून काढलेली असते आणि ती कशी बसवली याविषयी खात्री नसते, किंवा जुन्या गाड्यांमध्ये डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीचा विजेचा दाब वाटून देणारा भाग) पुन्हा बसवायचा असतो.

दुसरी शंका फार महत्त्वाची आहे, कारण या एका गैरसमजापायी लोक नीट बसलेला बेल्ट पुन्हा उतरवतात. बेल्टवरच्या रेघा फक्त चढवण्याच्या क्षणापुरत्या असतात. उदाहरण घेऊ. बेल्टला 105 दाते, कॅमला 40 आणि क्रँकला 20 आहेत. क्रँकच्या दोन फेऱ्यांत बेल्टचे 40 दाते पुढे सरकतात, म्हणजे पुल्या मूळ जागी परत येतात, पण बेल्ट त्याच्या मूळ जागी नसतो. बेल्ट आणि दोन्ही पुल्या एकाच वेळी मूळ जागी यायला 840 दाते जावे लागतात आणि त्यासाठी क्रँकच्या 42 फेऱ्या लागतात. म्हणून फिरवल्यानंतर पुल्यांच्या खुणा तपासाव्यात, बेल्टवरच्या रेघांकडे पाहू नये.

डिझेलप्रेमी

माझ्याकडे डस्टर आहे, 1.5 लिटर डिझेल. तिच्यात खुणांवर भागत नाही. क्रँक आणि कॅम दोन्ही पिन घालून लॉक करावे लागतात. फोक्सवॅगनच्या टीडीआय इंजिनांतही लॉक करण्याची हत्यारे लागतात. अशा गाड्यांचे मालक हा धागा वाचत असतील तर त्यांनी नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने काम करू नये, एवढेच सांगतो. शिवाय या डिझेल इंजिनांत पाण्याचा पंपही टायमिंग बेल्टवरच चालतो, त्यामुळे तो त्याच कामात बदलून घेणे शहाणपणाचे आहे. आणि ज्या जुन्या डिझेल गाड्यांत इंजेक्शन पंपही याच बेल्टवर असतो, तिथे कॅम आणि क्रँकसोबत पंपाची तिसरी खूणही जुळवावी लागते.

गिरगावकर

ऑपेरा हाऊसच्या बाजारात स्पेअर पार्टच्या दुकानात काम करतो, म्हणून सामानाविषयी दोन शब्द. बेल्ट घेताना पाकिटावरचा पार्ट नंबर आणि बेल्टच्या पाठीवर छापलेला नंबर एकच आहे का ते पाहावे. हुबेहूब दिसणाऱ्या दोन बेल्टांमध्ये एका-दोन दात्यांचा किंवा दात्याच्या आकाराचा फरक असू शकतो. गोल दात्याचा बेल्ट चौकोनी खाचेच्या पुलीवर नीट बसत नाही. जुना आणि नवा बेल्ट शेजारी ठेवून दाते मोजून घ्यावेत. गिऱ्हाईक काउंटरवर बेल्ट हातात घेऊन तो उलटा करून पाहतात किंवा मुठीत दुमडतात, तेव्हा आम्ही त्यांना थांबवतो. आतले काचेचे दोर अशा घडीने तुटतात, ते बाहेरून दिसत नाही आणि बेल्ट काही हजार किलोमीटरनंतर तिथेच तुटतो.

मुंबईत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शीव ते दादर या टप्प्यात गाडी तासभर उभ्या-उभ्या चालते, मीटरवर किलोमीटर पडत नाहीत, पण बेल्ट फिरतच असतो आणि बॉनेटखालच्या उष्णतेत रबर कडक होत जाते. म्हणून पुस्तिकेत किलोमीटरसोबत वर्षांची मर्यादा दिली असेल तर आपल्याकडे वर्षांची मर्यादाच आधी पाळावी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्यांच्या टायमिंग कव्हरमध्ये गाळ सापडत असे. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर कव्हर उघडून आत माती-खडे नाहीत ना हे पाहावे. खालच्या पुलीच्या दात्यांमध्ये खडा अडकला की बेल्ट दाता सोडू शकतो.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. सरांच्या सांगण्याप्रमाणे आज बाहेरची पुली आणि खालचे कव्हर काढले. जुना बेल्ट अजून चढलेलाच आहे. दातेरी पुलीवरची खूण ऑइल पंपाच्या घरावरील खुणेसमोर, सरळ रेषेत डोळा नेऊन, बरोबर आणली. आता कॅमची खूण अर्धा नव्हे तर पूर्ण एक दाता मागे आहे. म्हणजे माझे आधीचे वाचन तिरक्या नजरेमुळे अर्ध्या दात्याने फसत होते. पाना_रॅचेट यांच्या सूचनेनुसार रेघा मारून दातेही मोजले, हिशेब तोच येतो.

आता नवा बेल्ट चढवताना पुन्हा असेच होऊ नये म्हणून नेमकी काय काळजी घ्यावी? या गाडीचा टेन्शनर स्प्रिंगच्या ताणावर चालतो.

यंत्रशिक्षक

उत्तम. आता रोग कळला आणि तो कसा झाला असेल याचाही अंदाज करता येतो. क्रँक कॅमला ज्या बाजूने ओढतो, ती बाजू टेन्शनरच्या समोरची. बेल्ट चढवताना त्या बाजूला थोडा सैलपणा राहिला, तर खुणा त्या क्षणी जुळलेल्या दिसतात. पण इंजिन फिरवताच क्रँक आधी तो सैलपणा ओढून घेतो आणि कॅम तेवढा मागे राहतो. पुन्हा तपासले नाही, तर एक दाता मागे राहिलेली गाडी तशीच रस्त्यावर जाते.

म्हणून क्रम असा ठेवावा. बॅटरीची तार काढा आणि सगळे प्लग काढून ठेवा, म्हणजे हाताने फिरवताना कॉम्प्रेशनचा अडथळा येत नाही. टेन्शनर पूर्ण मागे ओढून त्याचा बोल्ट कसा. दोन्ही खुणा जुळवा. बेल्ट खालच्या पुलीवर चढवून ओढणाऱ्या बाजूने तो ताठ धरत वर न्या, कॅम पुलीवर बसवा आणि शेवटी टेन्शनरखाली सरकवा. ताठ बाजूला बोटाने दाबून पाहा, तिथे जराही झोळ असता कामा नये. वरच्या खाचेत दाता बसत नसेल, तर कॅम पुली पान्याने केसभर फिरवून दाता बसवून घ्या. स्क्रू ड्रायव्हरने बेल्ट रेटू नका. मग टेन्शनरचे बोल्ट सैल करा, स्प्रिंगला बेल्ट ताणू द्या.

यानंतर क्रँकच्या बोल्टला गोटी (सॉकेट पाना) लावून, इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने, सावकाश दोन पूर्ण फेऱ्या द्या. सॅन्ट्रोमध्ये बेल्टच्या बाजूने पाहता ही दिशा घड्याळाच्या काट्यांची आहे. जुन्या होंडा सिटीत ती उलट असते, म्हणून इतर वाचकांनी आपल्या गाडीची दिशा खात्री करून घ्यावी. उलटे फिरवले तर ताण टेन्शनरच्या बाजूला येतो आणि सैलपणा ओढणाऱ्या बाजूला जातो. एक-दोन अंश खूण ओलांडली गेली तरी मागे न आणता पुन्हा दोन फेऱ्या द्याव्यात. फिरवताना कुठेही कडक अडथळा लागला, तर त्याच क्षणी थांबा. तो व्हॉल्व्ह पिस्टनला टेकल्याचा इशारा असू शकतो आणि त्यावर जोर लावला तर व्हॉल्व्ह वाकतो. स्टार्टर मारून पाहणे या टप्प्यावर कटाक्षाने टाळावे.

दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा जुळल्या तरच टेन्शनर पुस्तिकेतल्या मापाने कसा आणि कसून झाल्यावर परत एकदा दोन फेऱ्या देऊन तपासा.

पाना_रॅचेट

सरांनी प्लेनचा जो हिशेब मांडला तो पटला आणि या पद्धतीत माझ्याकडून एक भर घालतो. बेल्ट उतरलेला असताना कॅम मोठ्या कोनात फिरवावा लागलाच, तर आधी क्रँक टॉपपासून पाव फेरी फिरवून घ्यावा. चार सिलिंडरच्या इंजिनात त्यामुळे चारही पिस्टन मधल्या उंचीवर येतात आणि उघडलेला व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही. कॅम खुणेवर आला की क्रँक सावकाश टॉपला परत आणावा. ज्या इंजिनांत दोन कॅम आहेत तिथे बेल्ट निघताच व्हॉल्व्हच्या स्प्रिंग एखाद्या कॅमला झटक्याने फिरवतात, म्हणून पान्याने धरून ठेवणारा दुसरा माणूस सोबत असावा.

बाहेरच्या पुलीचा बोल्ट बसवताना गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. आणि बेल्टच्या बाजूचे इंजिन माउंटिंग काढले असेल, तर ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार दिल्याशिवाय पुढचे काम करू नये.

अनुया

एक विचारायचे राहिले. बेल्ट उघडला आहेच, तर कॅम आणि क्रँकचे ऑइल सील बदलावेत का? आणि नव्या गाड्यांमध्ये असा एका दात्याचा फरक स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) दिसतो का?

यंत्रशिक्षक

सीलभोवती तेलाची ओल दिसत असेल तर नक्की बदलावेत, कारण तेलाने बेल्टचे रबर फुगते आणि दाते मुळापासून सुटतात. ओल नसेल तरी गाडीच्या वयाकडे पाहून मी बदलूनच घेईन. सीलची किंमत थोडी आणि उघडझाक मोठी आहे. स्कॅनरविषयी सांगायचे तर, ज्या गाड्यांत क्रँक आणि कॅम या दोघांचे सेन्सर आहेत, त्यांत दोघांच्या वेळा जुळल्या नाहीत की पी 0016 सारखा कोड नोंदला जाऊ शकतो. पण कोड नाही म्हणून टायमिंग बरोबर, असा उलटा निष्कर्ष काढू नये. किती अंशांनंतर कोड नोंदायचा हे प्रत्येक कंपनी आपल्या परीने ठरवते.

मुलुंडकर

काम आज पूर्ण झाले. क्रँकच्या सीलभोवती ओल होती, म्हणून दोन्ही सील नवे घातले. बेल्ट चढवून पहिल्या दोन फेऱ्या दिल्यावर कॅमची खूण रेघेच्या अर्ध्या जाडीने मागे राहिली. टेन्शनर कसल्यानंतरच्या दोन फेऱ्यांनंतरही ती तिथेच आहे. एवढा फरक चालेल का? इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झाले, उभ्या गाडीतली थरथर गेली आहे आणि ऐरोलीच्या पुलावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी व्यवस्थित चढली.

यंत्रशिक्षक

रेघेच्या जाडीच्या आतला फरक चालतो. दोन्ही वेळा तो तेवढाच राहिला आणि वाढला नाही, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट आहे. आता कव्हर बसवताना त्याच्या कडेचे रबरी गॅस्केट जागेवर आहे का ते पाहा. जुन्या गाड्यांत ते बहुतेक वेळा तुटलेले असते आणि पावसाळ्यात चिखल तिथूनच आत जातो. कव्हरवर आजची तारीख आणि मीटरवरचे किलोमीटर पक्क्या शाईने लिहून ठेवा.